शालिनीताईंना झेपेल अशी गाडी

गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला मी पहिला प्रश्न गाडीबद्दल विचारत नाही. मी विचारतो, "रिव्हर्स घेताना तुमच्या तोंडून काही आवाज निघतो का?"

माणूस हसतो, मग विचारात पडतो, आणि त्याने उत्तर देण्याआधी त्याची बायको सांगून मोकळी होते. "निघतो तर! गाडी लागेपर्यंत 'आई आई आई' चाललेलं असतं."

असे आवाज काढणाऱ्या माणसांच्या शेजारी बसण्यात माझं आयुष्य गेलं. पेणला माझी मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तो माझा. त्या एका ब्रेकने मी पेण शहरातल्या कित्येक म्हशी, दोन नगरसेवक आणि वरातीतला एक नवरदेव वाचवला आहे. नवरदेवाला पत्ताच नव्हता, तो नाचत होता. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी स्कूल बंद केली. पण शिकवलेली माणसं सोडत नाहीत. गाडी घ्यायची म्हटली की फोन येतो, "मास्तर, जरा येता का बघायला?" मास्तर एका पायावर तयार. कारण मला टेस्ट ड्राइव्हचा भयंकर नाद आहे. नवीन गाडीचा दरवाजा 'धप्प' असा भरीव आवाज करून लागला की माझं वय पंधरा वर्षांनी कमी होतं.

लोकांची समजूत अशी, की गाडी जितकी मोठी तितकी सुरक्षित. खाडीकडच्या एका गावातले हिराजीशेठ, मिठागरवाले, माझं न ऐकता दोन खोल्यांएवढी गाडी घेऊन आले. आतली गादी अशी, की बसलं की उठावंसं वाटू नये. गाडी हायवेवरून डौलात आली आणि गावाच्या बांधावर येऊन थांबली. बांध अरुंद, दोन्हीकडे पाणी. तेव्हापासून ती गाडी हायवेच्या कडेला कव्हर घालून उभी असते आणि शेठ सायकलवर टांग मारून तिच्यापर्यंत जातात. मी विचारलं, "कशी आहे गाडी?" तर म्हणाले, "मास्तर, गारी बेस हाय. गाव लहान परला."

तेव्हा ज्याच्या मनात धाकधूक आहे, त्याने काय बघावं, ते सांगून टाकतो. सीटवर बसल्यावर बॉनेटची कड दिसली पाहिजे. काचेच्या बाजूचे खांब एवढे जाड नकोत की त्यामागे अख्खी स्कूटर लपेल. ब्रेक पाय ठेवल्याबरोबर अंगावर येणारा नको. गिअर आपोआप पडणारे असलेले उत्तम. टक्कर घेऊन गाड्यांची परीक्षा करतात आणि तारे देतात, ते तारे बघावेत. एअरबॅग मोजाव्यात. एसीचं बटण न बघता हाताला लागावं, नाहीतर गारवा शोधता शोधता माणूस गटारात जातो. आणि शेवटची गोष्ट, आलिशान गाडी आतून फार शांत असते. घाबऱ्या ड्रायव्हरचा जीव त्या शांततेत थाऱ्यावर येतो. तोटा एवढाच, की शेजारी बसलेल्याचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो.

इथे आबा आले.

आबा म्हणजे रोह्यातले पोहा गिरणीचे मालक. शालिनीताई त्यांच्या पत्नी. ताई बालवाडीच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. गाडी शिकायला त्या चाळिशीत माझ्याकडे आल्या होत्या. रोह्याहून एसटीने पेणला यायच्या, कारण रोह्यात शिकल्या असत्या तर नवऱ्याने गॅलरीतून बघितलं असतं. शिकल्या छान, लायसन्स मिळवलं, घरी जाऊन दाखवलं. आबा म्हणाले, "बरं झालं, ओळखपत्र म्हणून चालंल." संपलं. ते लायसन्स रेशनकार्डाच्या पिशवीत गेलं. गाडी कायम आबा चालवणार आणि ताई शेजारी बसणार. कधी चुकून ताईंच्या हातात स्टिअरिंग आलंच, तर आबांचा उजवा पाय फरशीत नसलेला ब्रेक शोधत असे आणि तोंड चालू असे. वळणापर्यंत ताई घामाघूम.

मग आबांच्या डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, पण एका बाजूचं दिसेनासं झालं ते झालंच. डॉक्टरांनी गाडी बंद केली. ड्रायव्हर ठेवले, तर आबांच्या शेजारी एकही पंधरवडाभर टिकेना. एकाने तर नागोठण्याला गाडी कडेला घेतली, किल्ली आबांच्या हातात दिली आणि समोरून आलेल्या एसटीत बसून निघून गेला. आबांना गिरणीवर जायचं, डॉक्टरांकडे जायचं, आणि रोज कोणाच्या तरी पाया पडायचं.

मुलगा समीर पुण्याला. चांगला मुलगा, काळजी करणारा. त्याने सांगितलं, "मी चांगली गाडी घेऊन देतो, सगळ्यात सुरक्षित. आई चालवणार असेल तर रोह्यात राहा. नाहीतर गणपती झाला की घर बंद करू आणि तुम्ही पुण्याला या." आबा उठून ओट्यावर जाऊन बसले. ताईंनी मात्र मला फोन केला.

"मास्तर, मला झेपेल अशी गाडी आहे का हो जगात?"

त्यांचा आवाज ऐकून मला हसूही आलं आणि काळजीही वाटली. ताई पुण्याला चार दिवसांच्या वर कधी राहिल्या नव्हत्या. त्यांच्या मैत्रिणी, बालवाडीची आता बाप्ये झालेली पोरं, कुंडलिकेच्या काठावरचं फिरणं, सगळं रोह्यात. मी म्हटलं, "ताई, गाडी जगात हाय. आपण पनवेलला जाऊन आणू."

शोरूममधला विक्रेता टाय लावलेला, अत्यंत गोड बोलणारा. पहिली गाडी त्याने दाखवली ती खाली बसकी, लालभडक. ताई तिच्यात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. आतून आवाज आला, "मास्तर, मला नुसतं आभाळ दिसतंय." दुसरी एवढी लांब, की ताईंनी मागे वळून बघितलं आणि विचारलं, "मागे कोण राहतं?" तिसरी बेताची. उंची आमच्या तांदळाच्या कणगीएवढी, नाक आखूड, आत दुधाच्या सायीसारखं मऊ कातडं. ताई बसल्या, सीट वर घेतली, आरसे लावले आणि पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. माझं निम्मं काम त्या खांद्यांनी केलं.

विक्रेता म्हणाला, "चला, हायवेवर एक राउंड मारू." मी म्हटलं, "हायवेवर बैलगाडीसुद्धा बरी चालते. आपल्याला पेणला जायचंय, मूर्तिकारांच्या आळीत."

ही माझी खास परीक्षा. गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने पेणच्या त्या आळ्यांमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कच्च्या मूर्ती फळ्यांवर वाळत घातलेल्या असतात. मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. तिथून काच खाली घेऊन, श्वास न रोखता जो पार झाला, त्याला ती गाडी झेपली. त्यात माणूस नीट चालवतो, कारण भिंतीला घासलं तर पैसे जातात, पण इथे घासलं तर वर्षभर घरात कुणाला शिंक आली तरी तेच कारण.

विक्रेत्याने आळी बघितली आणि टाय सैल केला. ताईंनी गाडी आत घातली. स्टिअरिंगशेजारच्या पडद्यावर गाडी वरून दिसायला लागली, जणू कोणी गच्चीतून बघतंय. ताई दचकल्या, "अगो बाई, वरून कोण बघतंय?" मी म्हटलं, "कॅमेरे जोडून चित्र करते ती. तुम्ही पुढे बघा." दोन्हीकडे पांढरे शुभ्र गणपती, नुसती पोटंच पोटं. एका कारखान्याच्या दारातून रंगकाम करणारी बाई ओरडली, "अगो हळू गो! कान हाय तो, कान!" ताई गोंधळल्या, ब्रेकऐवजी पाय नुसताच उचलला, आणि गाडी खचकन जागच्या जागी थांबली. सोंडेपासून वीतभर अंतरावर.

ताई माझ्याकडे बघत होत्या. "मास्तर, ब्रेक तुम्ही मारलात?"

माझे दोन्ही पाय सीटखाली दुमडलेले. "मी नाय. गाडीनं मारला. समोर काही आलं आणि तुम्ही थांबला नाहीत, की ती आपली आपण थांबते."

"म्हणजे अगदी तुमच्यासारखीच आहे!" ताई खुलल्या. विक्रेता खुलला. रंगवालीसुद्धा हसली. मीच काय तो माझ्या पायांकडे बघत राहिलो. ज्या एका पायावर मी संसार केला, मुलींची लग्नं केली, तो पाय या कंपनीवाल्यांनी एका डबीत बसवला होता, आणि तो माझ्यापेक्षा लवकर लागत होता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आळीच्या दुसऱ्या टोकाला ताई बाहेर पडल्या तेव्हा काच खाली होती आणि तोंडाने त्या चक्क गुणगुणत होत्या. मी विक्रेत्याला म्हटलं, "हीच बांधा."

आता माझी चूक सांगतो. ती आमच्यासारख्या जाणत्यांकडूनच होऊ शकते.

गाडी रोह्याला आली. दारात पूजा. अशा वेळी मला मोठा मान असतो आणि मान मिळाला की माझं डोकं चालेनासं होतं. पुढच्या बंपरवर मी हातभर जाड झेंडूचा हार सोडला, खाली लिंबू-मिरची बांधली. कंपनीच्या चिन्हावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. मग कोणीतरी म्हणालं, "मास्तर, कपाळाला लावा की." गाडीचं कपाळ म्हणजे काचेच्या वरचा मध्य. मी स्टूल मागवलं, त्यावर चढलो आणि आरशाच्या बरोब्बर समोर, बाहेरून, हळदी-कुंकवाचं बोटभर जाड गंध लावलं. वर अक्षता चिकटवल्या. टाळ्या पडल्या.

ताई गाडीत बसल्या, मी शेजारी. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. ताईंनी गाडी चालू केली मात्र, पडद्यावर लाल त्रिकोण उगवला, मग दुसरा, मग तिसरा. गाडी केकाटायला लागली. पुढे अडथळा, पुढे अडथळा! समोर तर रस्ता मोकळा. पडद्यावर अक्षरं आली, की सुरक्षेची यंत्रणा बंद आहे. ताईंनी घाबरून गाडी बंद केली, परत चालू केली, परत केकाटली. सगळी आळी जमलेली. ओट्यावरून आबांचा आवाज आला, "मी म्हणलोच व्हतो. तिला नाय जमायचं."

ताई उतरल्या. किल्ली देवघरात ठेवली. मला म्हणाल्या, "मास्तर, गाडीलासुद्धा कळलं हो." आणि आत निघून गेल्या.

पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. गणपती तोंडावर आलेला. समीरने फोनवर पुण्यातल्या खोलीच्या पडद्यांचा रंग विचारला, असं मला कळलं. अखेर कंपनीचा मेकॅनिक पनवेलहून आला. शांत माणूस. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वाळून कडक झालेला हार बघितला, स्वस्तिक बघितलं, कपाळ बघितलं. मग म्हणाला, "एक ओलं फडकं मिळेल का?"

हार त्याने काढला, केकाटणं थांबलं. गाडीला बंपरमध्ये कान असतात, ते झेंडूने बुजले होते. चिन्हामागे तिची नजर असते, ती स्वस्तिकाने झाकली होती. आणि कपाळावर, आरशाच्या मागे, तिचा डोळा. त्या डोळ्यात मी अक्षता घातल्या होत्या! जगातली सर्वांत सावध गाडी घेऊन मी तिला आंधळी-बहिरी करून ताईंच्या हातात दिली होती, आणि तीस वर्षांचा अनुभव म्हणून मान घेतला होता.

मी ताईंपुढे कान धरले. ताई हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की ओट्यावर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "म्हणजे मी नाही?" त्या परत परत विचारत होत्या. "मास्तर, नक्की मी नाही ना?"

"तुम्ही नाय, गाडी नाय. हा गाढव," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ताईंनी जी गाडी हाणली! रोज सकाळी मी ट्रेनने रोह्याला जायचो आणि ताई मला कासूला नेऊन सोडायच्या. मला घराच्या अर्ध्या वाटेवर सोडण्यासाठी एवढी आलिशान गाडी रोज येते, हे बघून कासू स्टेशनवरच्या लोकांनी मला कुठल्यातरी पक्षाचा पुढारी ठरवलं. ताईंना कॅमेरे आवडले, पण त्या मान वळवून बघायला विसरल्या नाहीत, हे मी माझं श्रेय समजतो. डबीतल्या पायाला ते शिकवता येत नाही. फक्त आबा अजून गाडीत बसले नव्हते. "माझं काय काम?" म्हणायचे, आणि ओट्यावरून लक्ष ठेवायचे.

पण गणपती आणायला मात्र त्यांना यावंच लागलं. त्यांच्या घरचा गणपती पेणचा, आणि आबांशिवाय तो कधी घरात आलेला नाही. चतुर्थीच्या दोन दिवस आधी सकाळी ताई गाडीत बसल्या, आबा टोपी घालून त्यांच्या शेजारी, मी मागे. आबांचा चेहरा दातांच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखा. समीर आदल्या दिवशीच बायकोला घेऊन रोह्याला आला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, "आई, बघू या." एवढंच, पण त्याचा अर्थ गाडीतल्या आम्हा तिघांनाही कळला.

पेणला जाताना आबांनी खड्डे मोजले. "खड्डा! अगो खड्डा हाय!" ताई म्हणायच्या, "दिसला." "ट्रक हाय!" "दिसला." "म्हस!" "अहो, ती तर शेतात आहे."

मूर्ती घेतली, मुखावर रुमाल घातला, मागे माझ्याशेजारी सीटवर बसवली, आणि गाडी निघाली तशी टिंग टिंग वाजायला लागली. ताई दचकल्या. मी पडदा वाचला. मागच्या सीटवर कोणीतरी पट्टा न लावता बसलंय, असं गाडीचं म्हणणं. आबा तिरसटले, "देवाला काय पट्टा लावायचा?" टिंग टिंग. "नाही लावला तर रोह्यापर्यंत घंटा वाजेल," मी म्हटलं. आबांनी विचार केला आणि म्हणाले, "लावा. पर पोटावरून हळू." लंबोदराला पट्टा पुरला, हे मी कंपनीला कळवायला हवं.

नागोठण्याच्या अलीकडे मुंबईकरांच्या गाड्यांची रांगच रांग. अचानक पुढच्या टेंपोने कचकन ब्रेक मारला. मी मूर्तीला कवटाळलं, आबा "ए ए ए" म्हणाले. आणि गाडी थांबली, हळुवार, अगदी तिंबलेल्या कणकेसारखी मऊ. डबीतल्या पायाला काम करायची वेळच आली नाही. ताईंचा पाय आधी लागला होता. मागच्या आरशात ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली.

नागोठणे सोडून आम्ही रोह्याच्या रस्त्याला लागलो. खिंडीची वळणं सुरू झाली, आणि जरा वेळाने माझ्या लक्षात आलं, की गाडीत फार शांत वाटतंय. खड्डा आला, गेला. म्हैस आली, रस्त्यात आली, गेली. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, आबा रागावले. मी पुढे वाकून बघितलं.

आबा झोपले होते. टोपी कपाळावर सरकलेली, तोंड थोडं उघडं, हात पोटावर.

"ताई," मी कुजबुजलो.

"मला ठाऊक आहे," ताई समोरून नजर न काढता कुजबुजल्या. "खिंड चढायच्या आधीच. लग्न झाल्यापासून हे गाडीत झोपलेले मी पाहिले नव्हते. कधीच नाही." त्यांचे डोळे भरून आले होते आणि स्टिअरिंगवरचे हात जागचे हलले नव्हते.

रोहा आलं. त्यांची आळी आली. दारात समीर, सूनबाई औक्षणाचं तबक घेऊन, शेजारच्या बाया, ताशा गळ्यात अडकवून वाजवायच्या तयारीत उभा असलेला एक जण. सगळ्यांनी हात वर केले. ताईंनी गाडी जराशी हळू केली, दाराकडे बघून मंद हसल्या, आणि सगळ्यांसमोरून तशाच पुढे निघून गेल्या. मी मागच्या काचेतून बघितलं. समीर रस्त्याच्या मधोमध येऊन उभा होता.

माझा फोन थरथरला. "मास्तर!" समीर ओरडत होता. "काय झालं? गाडी थांबत नाही का? आईला सांगा, घर मागे राहिलं!"

मी फोनवर हात ठेवून ताईंना विचारलं, "काय सांगू?"

ताईंनी कोलाडच्या रस्त्याला वळायला सिग्नल दिला, मान वळवून डावीकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "त्याला म्हणावं, तबक खाली ठेवायला सांग, सूनबाईचे हात भरून येतील. आम्ही खांब गावापर्यंत जाऊन येतो. आणि ओरडू नकोस म्हणावं, आबा उठतील."